इंग्रजीच्या तासाला आम्ही गाणी का म्हणतो?



या वेळच्या भित्तिपत्रकात इंग्रजीच्या तासाविषयी लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. आमचा वर्ग रस्त्याच्या कडेला आहे. त्यामुळे आमची गाणी रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जातात. मग कोणी तरी खिडकीतून डोकावून विचारते, "काय गं, गाणीच म्हणता का अभ्यासबी करता?" पालकसभेतही हा विषय निघाला होता. एक काका म्हणाले, "तालुक्याच्या शाळेत पोरांकडून पन्नास पन्नास स्पेलिंग पाठ करून घेतात, अन् आपली पोरं नुसती नाचतात." यंदा आमच्या वर्गातली दोन मुले पिवळ्या गाडीने तालुक्याला जायला लागली. चौथीत आता आम्ही अकराच जण उरलो आहोत. म्हणून हा लेख मी नीट लिहायचा ठरवला. बाईंना प्रश्न विचारले आणि त्यांनी सांगितलेली माहिती वहीत उतरवून घेतली. काही गोष्टी आम्ही रोज करतो त्या मी माझ्या मनाने लिहिल्या आहेत.

आधी आपण मराठी कशी शिकलो ते पाहू. कोणाच्याही आईने पाटीवर अ आ इ ई काढून लेकराला बोलायला शिकवलेले नाही. माझी धाकटी बहीण सव्वा वर्षाची आहे. तिला "चिऊ कुठंय?" असं विचारलं की ती बरोबर पत्र्याकडे बोट दाखवते. पण तिला चिऊ म्हणता येत नाही, ती नुसतं "ची" म्हणते. म्हणजे तिला समजते पुष्कळ आणि बोलता येते थोडे. आजी तिला मांडीवर घेऊन गाणे म्हणते, बोटे मोजते, गुदगुल्या करते. तेच तेच गाणे दिवसातून दहा वेळा. कान भरले की मग तोंड उघडते, असे आमच्या बाई म्हणतात.

अमेरिकेत जेम्स ॲशर नावाच्या प्राध्यापकांनी १९६० नंतरच्या काळात हेच सांगितले. नवी भाषा शिकणाऱ्याला आधी ऐकू द्यावे, ऐकलेले अंगाने करून दाखवू द्यावे, बोलायची घाई करू नये. 'उभे राहा' ऐकले की उभे राहायचे. 'दाराला हात लावा' ऐकले की जाऊन हात लावायचा. कृतीचे गाणे म्हणजे हेच, फक्त चालीवर. डोके, खांदे, गुडघे आणि पायाची बोटे यांचे गाणे आमच्याकडे पहिलीपासून सगळ्यांना येते. ते म्हणताना कोणी गुडघ्याच्या जागी खांद्याला हात लावला की त्याला तो शब्द कळला नाही हे बाईंना लगेच दिसते. वेगळी तोंडी परीक्षा घ्यावी लागत नाही. आणि त्या मुलाला वाईटही वाटत नाही, कारण तोवर गाणे पुढे गेलेले असते.

आमच्या आईवडिलांच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. महाराष्ट्रात सन २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. पहिलीच्या मुलाला अजून मराठी वाचता येत नसते, तर तो इंग्रजी काय वाचणार? म्हणून पहिली-दुसरीच्या इंग्रजीत ऐकणे, बोलणे, गाणी आणि खेळ जास्त असतात. हे आमच्या बाईंनी मनाने काढलेले नाही.

आणि इंग्रजी डोळ्यांनी शिकायला गेले की फसगत होते. मराठीत आपण बहुतेक जसे लिहितो तसेच वाचतो. इंग्रजीत कितीतरी अक्षरे नुसती गप्प बसलेली असतात. 'नाइफ' म्हणजे सुरी. लिहिताना तिच्या सुरुवातीला 'के' असतो, पण तो बोलत नाही. 'वॉक' म्हणजे चालणे, त्यातला 'एल' बोलत नाही. 'लिसन' म्हणजे ऐकणे, त्यातला 'टी' बोलत नाही. ऐकणे या शब्दातलेच एक अक्षर ऐकू येत नाही, ही केवढी गंमत! ज्याने तो शब्द आधी पुस्तकात पाहिला तो 'लिस्टन' म्हणतो. ज्याने आधी गाण्यात ऐकला तो 'लिसन'च म्हणतो, कारण तो 'टी' त्याला माहीतच नसतो. स्पेलिंग नंतर शिकले तरी चालते. आम्हीही स्पेलिंग शिकतो, पण ऐकलेल्या शब्दांचे.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते. ते म्हणजे ठेका.

मराठी बोलताना आपण शब्दातली सगळी अक्षरे जवळजवळ सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत तसे नसते. एक तुकडा जोरात आणि ओढून म्हणायचा, बाकीचे दबके म्हणायचे. केळ्याला 'बनाना' म्हणतात. आपण तिन्ही अक्षरे सारखीच म्हणतो. खरा इंग्रजी बोलणारा पहिला 'ब' अगदी हळू म्हणतो, मधला 'ना' जोरात ओढतो आणि शेवटचा 'ना' पुन्हा हळू. 'पोटॅटो' या शब्दातही जोर मधल्या तुकड्यावर. 'एलिफंट' आणि 'बटरफ्लाय' मध्ये पहिल्या तुकड्यावर. हे फळ्यावर लिहून लवकर कळत नाही, टाळीने लगेच कळते. जोराचा तुकडा आला की टाळी वाजवायची. गाणे करणाराने ठेका अशाच जोराच्या तुकड्यांवर बसवलेला असतो. म्हणून गाणे ठेक्यात म्हटले की आपला जोरही आपोआप बरोबर जागी पडतो.

वाक्याचेही तसेच आहे. हे आता इथे उभे राहूनच करून पाहा. 'बॉइज ड्रिंक मिल्क' म्हणजे मुले दूध पितात. म्हणताना तीन टाळ्या वाजवा. आता 'द बॉइज आर ड्रिंकिंग द मिल्क' म्हणा. याचा अर्थ मुले दूध पीत आहेत. या वेळीही तीनच टाळ्या, आणि तेवढ्याच वेळात. शब्द वाढले पण टाळ्या वाढल्या नाहीत! मधले छोटे शब्द दाटीवाटीने बसले. बाजाराच्या दिवशी जीपमध्ये मोठी माणसे सीटवर बसतात आणि लेकरे मध्ये चेपून बसतात, अगदी तसे. बोलताना हे मोजून-मापून होत नाही, पण गाण्यात होते.

टीव्हीवर इंग्रजी बातम्या लागल्या की आपल्याला वाटते, ही माणसे किती भरभर बोलतात! ती सगळेच शब्द भरभर बोलत नाहीत. ती मोठे शब्द नीट म्हणतात आणि छोटे गिळतात. 'ब्रेड अँड बटर' असे पुस्तकात असते. बोलताना 'अँड' मधला नुसता 'न' उरतो, 'ब्रेड-न-बटर'. ज्याने शब्द सुटे सुटे पाठ केले त्याला हा 'न' ओळखू येत नाही. त्याचे सगळे शब्द पाठ असतात आणि तरी ऐकलेले कळत नाही. गाण्यात तो 'न' शंभर वेळा ऐकलेला असतो.

शब्द एकमेकांना चिकटतातही. 'ॲन ॲपल' म्हणजे एक सफरचंद. ऐकायला 'ॲ-नॅपल' असे येते. बाईंनी यावर एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. स्वयंपाक करताना कपड्यांवरून बांधतात त्या कापडाला इंग्रजीत 'एप्रन' म्हणतात. फार पूर्वी तो शब्द 'नॅप्रन' असा होता. 'अ नॅप्रन', 'अ नॅप्रन' असे ऐकता ऐकता लोकांना वाटले की 'न' पहिल्या शब्दाचा आहे. मग ते 'ॲन एप्रन' म्हणू लागले आणि तेच कायम झाले. म्हणजे खुद्द इंग्रजांनाही चिकटलेले शब्द ऐकून सोडवता आले नाहीत. मग आपल्याला जड जाते यात काय नवल?

न्यूयॉर्कच्या विद्यापीठात कॅरोलिन ग्रॅहम नावाच्या बाई दुसऱ्या देशांतून आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवत असत. जॅझ नावाचे संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी घडवले. त्या संगीताचा ठेका आणि रोजच्या इंग्रजी बोलण्याचा ठेका जुळतो, असे त्यांच्या ध्यानात आले. १९७८ साली त्यांचे 'जॅझ चॅन्ट्स' हे पुस्तक निघाले. त्यात चालीपेक्षा ठेका महत्त्वाचा. अर्ध्या वर्गाने ठेक्यावर प्रश्न विचारायचा आणि अर्ध्या वर्गाने ठेक्यावरच उत्तर द्यायचे. आपल्या गावाला हे मुळीच नवे नाही. सप्ताहात बुवा एक ओळ म्हणतात आणि टाळकरी ती झेलतात. तिथेही कोणी पुस्तक उघडून बसत नाही, तरी सगळ्यांना येते.

आवाज काढायचेही थोडे सांगते. मराठीत आपल्याकडे एकच 'व' आहे. इंग्रजीत दोन आहेत. 'वॉटर' म्हणताना फुंकणीने चूल फुंकतो तसे ओठ गोल करायचे. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घूं असा आवाज काढायचा. 'फिश' म्हणतानाही दात ओठावरच टेकवायचे, पण नुसती हवा सोडायची. आपण 'फणस' म्हणताना ओठ मिटून उघडतो, तसे करायचे नाही. 'थँक यू' चा 'थ' थाळीचा 'थ' नाही. त्याला जिभेचे टोक दातांमध्ये आणून वारा सोडतात. हे एकेकट्याला उभे करून म्हणायला लावले तर लाज वाटते, कारण जीभ दिसते. सगळ्यांनी मिळून गाण्यात म्हटले की सगळ्यांचीच जीभ दिसते, मग लाज कोणाची?

केक कापताना जे हॅपी बर्थडेचे गाणे आता आपल्या गावातही म्हणतात, त्याची चाल मुळात शाळेतली आहे हे पुष्कळांना ठाऊक नसेल. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात मिल्ड्रेड हिल आणि पॅटी हिल या दोघी बहिणी राहत होत्या. पॅटी बालवाडीच्या शिक्षिका होत्या आणि मिल्ड्रेड चाली बांधत. १८९३ साली त्यांचे बालवाडीच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. त्यात 'गुड मॉर्निंग टू ऑल' हे सकाळी वर्गात म्हणायचे गाणे होते. पुढे त्याच चालीवर वाढदिवसाचे शब्द बसले. त्या गाण्यात एकच छोटे वाक्य परत परत येते, आणि एका ठिकाणी फक्त नाव बदलते. म्हणून ते तीन वर्षांच्या मुलालाही येते आणि आजोबांनाही येते. भाषा शिकायचे गाणे असेच पाहिजे. वाक्य छोटे, तेच तेच येणारे, आणि मध्ये एक जागा बदलायला मोकळी.

पण नुसते गाणे म्हटले म्हणजे इंग्रजी आले असे नाही. हे पालकांना खरे सांगितले पाहिजे. मोबाइल लावला आणि मूल गाणे म्हणू लागले की पाहुण्यांपुढे त्याला उभे करतात. ते घडाघडा म्हणते आणि सगळे शाबासकी देतात. त्याला एखाद्या शब्दाचा अर्थ विचारा, ते गप्प!

एबीसीडीचे गाणे घ्या. ट्विंकल ट्विंकल या चांदणीच्या गाण्याची आणि त्याची चाल एकच आहे, दोन्ही म्हणून पाहा. ती चाल फ्रान्स देशातली, अडीचशे वर्षांहून जुनी. चांदणीची कविता इंग्लंडच्या जेन टेलर यांची, ती १८०६ साली छापली. एबीसीडी त्या चालीवर बसवून १८३५ साली अमेरिकेत बोस्टनला छापली गेली. या गाण्यात एल, एम, एन, ओ, पी ही पाच अक्षरे इतक्या भरभर येतात की लहान मुलांना ते एकच अक्षर वाटते. आमच्या पहिलीतल्या एका मुलाने बाईंना विचारले होते, "बाई, एलेमेनो कसा काढायचा?" गाणे त्याला पूर्ण येत होते. म्हणून ते गाणे आमच्याकडे कधी उलटे, कधी हळू, कधी मध्येच थांबवून म्हणतात.

बाई म्हणतात, गाणे पाठ झाले की कान झोपतो. पुढे काय येणार हे ठाऊक असते, मग कशाला ऐकायचे? म्हणून आमच्या बाई पाठ झालेले गाणे मुद्दाम मोडतात. त्या म्हणता म्हणता एक शब्द चुकवतात. गायीच्या जागी बकरी घालतात. ज्याला ऐकू आले त्याने उभे राहायचे. कधी गाण्यातल्या वस्तूंची चित्रे आमच्यात वाटतात आणि नवे गाणे पहिल्यांदाच ऐकवतात. ज्याच्या चित्राचे नाव येईल त्याने चित्र वर धरायचे. त्या वेळी वर्ग इतका शांत असतो की बाहेरच्या हापशाचा आवाज ऐकू येतो. जे लोक आमच्या खिडकीतून डोकावतात त्यांनी त्या वेळी डोकवावे असे मला वाटते, पण शांत वर्गात कोणी डोकावत नाही.

जुलैमध्ये पावसाचे गाणे होते. इंग्रजी मुलांचे पावसाचे एक गाणे आहे, त्यात पावसाला 'जा, पुन्हा कधी तरी ये' असे सांगतात. कारण त्यांच्याकडे थंडी, नेहमी भुरभुर पाऊस, आणि मुलांना बाहेर खेळायचे असते. आपल्याकडे तर पावसाला पैसा देऊन बोलावतात! मी ते गाणे घरी म्हणत होते, तेव्हा आजोबांनी अर्थ विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, "आपलं सोयाबीन वाळून चाललंय अन् तू पावसाला जा म्हणती व्हय? असलं गाणं आपल्या रानात नको." दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग बदला. आम्ही 'गो' च्या जागी 'कम' घातला. मग 'दूर' हा शब्द तिथे बसेना. कोणी म्हणाले, शेताला काय म्हणतात? 'फार्म'. मग 'कम टू अवर फार्म' झाले. चाल तीच राहिली, गाणे आमचे झाले. त्या दिवशी गो, कम, टू, अवर, फार्म हे पाच शब्द आम्ही पाठ न करता शिकलो. पाऊस मात्र आठ दिवसांनी आला.

तेव्हापासून आम्ही गाणी स्वतः करू लागलो. सगळ्यांत चांगले झाले ते बाजाराचे. पंचमीला बायका समोरासमोर ओळी करून फेर धरतात तशा आम्ही दोन ओळी केल्या. एक ओळ गिऱ्हाइकांची, एक दुकानदारांची.

व्हॉट डू यू सेल? – आय सेल सॉल्ट.
हाऊ मच, हाऊ मच? – टेन रुपीज.
गिव्ह मी टू, गिव्ह मी टू. – हिअर यू आर.

याचा अर्थ असा: तुम्ही काय विकता? मी मीठ विकतो. केवढ्याला? दहा रुपये. दोन द्या. हे घ्या. पहिल्या दिवशी मीठच मीठ विकले. दुसऱ्या दिवशी सॉल्टच्या जागी कांदे, मिरची, भाकरीचे पीठ, शेळी असे काहीही आले आणि भावही बदलले. शेळी दहा रुपयांना म्हटल्यावर सगळे ओरडले, तेव्हा बाईंनी हंड्रेड आणि थाउजंड शिकवले.

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, आता चाल काढून टाका. ठेकाही नको. साध्या आवाजात बाजार भरवा. हा भाग सगळ्यांत अवघड आहे आणि खरे बोलणे इथेच सुरू होते. गाण्यात सगळे मिळून म्हणतात, एखादा नुसते ओठ हलवत असला तरी खपते. बाजारात समोर एकच माणूस असतो आणि तो काय उत्तर देईल ते ठाऊक नसते. मीठ मागितले आणि तो 'नो सॉल्ट टुडे' म्हणाला तर? मग काही तरी दुसरे बोलावेच लागते.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला विचारून हे लिहीत आहे. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी त्यालाही बरोबर नेले होते, त्यामुळे तो दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत शाळेत नव्हता. त्याच्या घरी गोरमाटी बोलतात. म्हणजे मराठी ही त्याची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. तो वर्गात बोलत नसे. बाईंनी विचारले तरी खाली बघत असे. पण गाण्यात त्याचा आवाज सर्वांत मोठा लागे. बाजाराच्या खेळात बाईंनी त्याला मिरचीवाला केले. पोत्यावर खडे मांडून तो बसला. एका मुलीने दहा रुपयांच्या मिरच्या घेतल्या आणि शंभराची खोटी नोट पुढे केली. गाण्यात असे काही नव्हते. तो नोटेकडे बघत राहिला आणि एकदम बाईंना म्हणाला, "बाई, सुट्टे नाहीत कसं म्हणायचं?" बाई म्हणाल्या, "नो चेंज." तो त्या मुलीकडे वळून म्हणाला, "नो चेंज! गो! ब्रिंग चेंज!"

म्हणजे, सुट्टे नाहीत, जा, सुट्टे घेऊन ये. 'चेंज' बाईंनी सांगितला. पण 'गो' त्याने पावसाच्या गाण्यातून आणला. 'ब्रिंग' बाई रोज म्हणतात, डस्टर आणायला सांगताना. ते तिन्ही शब्द त्याने आपले आपण जोडले. कोणी पाठ करून दिले नव्हते. वर्गात इतका हशा झाला की दुसरीचे गुरुजी बघायला आले. बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बाजाराच्या गाण्यात एक ओळ वाढली.

पन्नास स्पेलिंग पाठ करणाऱ्या मुलांना ती येतात, हे खरेच आहे. मी त्यांना नावे ठेवत नाही. आमच्या वर्गातून गेलेली दोघे दिवाळीत भेटली तेव्हा त्यांना महिन्यांची सगळी नावे लिहिता येत होती. पण मी एकाला इंग्रजीत विचारले, "व्हॉट डू यू ईट इन स्कूल?" तर तो म्हणाला, हे आम्हाला अजून शिकवलं नाही. मला वाटते दोन्ही पाहिजे, पण आधी ऐकणे आणि बोलणे पाहिजे.

पालकांनी घरी काय करावे असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, पालकांना इंग्रजी आलेच पाहिजे असे नाही. टाळी वाजवता आली तरी पुरे. एका आठवड्याला एकच गाणे घ्यावे, रोज नवे नको. मोबाइलवर लावले तर पहिल्या दोन वेळा पडदा पालथा ठेवावा. चित्र दिसले की डोळे काम करतात आणि कान सुट्टी घेतात. मग मुलाला विचारावे, "यात काय काय ऐकू आलं?" अर्धे सांगितले तरी चालेल. नंतर चित्र पाहावे. तीन-चार दिवसांनी "आज कोणता शब्द बदललास?" हे जरूर विचारावे. आणि शेवटी जेवताना, चाल न लावता, तोच प्रश्न साध्या आवाजात विचारायचा. प्रश्न मुलाकडूनच शिकून घ्यावा. माझी आई आता भाकरी वाढताना "हाऊ मच?" विचारते. बाई म्हणाल्या की भाकऱ्या मोजायच्या तर 'हाऊ मेनी' म्हणायचे, 'हाऊ मच' भावाला आणि मिठाला. तेव्हापासून आई भाकरीला मेनी आणि भाजीला मच म्हणते.

मूल चुकले तर लगेच हसू नये, हसलं की पोरगं गप होतं. आपण बरोबर करून पुन्हा म्हणावे, ते ऐकून त्याचे ते सुधारते. ज्यांच्या घरी मोठा मोबाइल नाही त्यांनी गाणे मुलाकडूनच ऐकावे. बाजाराच्या गाण्याला मोबाइल लागतच नाही. दोन माणसे, एक पोते आणि थोडे खडे असले की ते होते, फक्त दुकानदाराने सुट्टे जवळ ठेवावेत.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी